झाडाला आवतन

आमच्या कॉलेजच्या मैदानात पावसाळाभर मोडक्या खुर्च्या पालथ्या पडलेल्या असायच्या. एक फाटकाजवळ, दोन पाण्याच्या टाकीमागे, एक थेट झेंड्याच्या ओट्याला लागून. नवीन माणसाला वाटायचं, फर्निचर भंगारात काढलंय. खरं तर प्रत्येक खुर्चीखाली एक झाड असायचं. वीतभर उंचीचं, कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनी ते गवत कापणाऱ्याच्या विळ्यापासून आणि बकऱ्यांपासून झाकून ठेवलेलं असायचं.

एका वर्षी तपासणी समिती यायची होती. प्राचार्य हिंदी बोलणारे. ते स्वतः मैदानात येऊन म्हणाले, "मौसी, ये कबाड़ हटवाइए. लोग क्या सोचेंगे."

"हटवतो ना साहेब," मावशी म्हणाल्या. "पन खाली जे बसले आहेत, त्याहीले कुठी बसवू थे सांगा."

प्राचार्यांनी वाकून एका खुर्चीखाली पाहिलं. त्यांना गवत दिसलं. त्यांनी मावशींकडे पाहिलं आणि ते ऑफिसात निघून गेले. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी चालता चालता खुर्ची उचलली, खालचा भुईआवळा पाहिला आणि साडी सावरून तिथेच उकिडव्या बसल्या. मावशीही बसल्या. पाऊण तास दोघी उठल्या नाहीत. बाकीची समिती सभागृहात गार होत चाललेल्या भज्यांसमोर वाट पाहत होती. खुर्च्या राहिल्या.

मी त्या कॉलेजात अतिथी विद्वान म्हणून लागले होते. हा आमच्या मध्य प्रदेशातला सरकारी शब्द. दरवर्षी नव्याने बोलावतील की नाही याचा भरवसा नसलेला प्राध्यापक, एवढाच त्याचा अर्थ. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पुढचं शिक्षण नागपूरला. पांढुर्ण्यात घर असूनही गावाची मला फारशी ओळख नव्हती आणि गावाला माझी. स्टाफरूममध्ये डबा उघडला की चार जण विचारायचे, लग्नाचं कुठवर आलं. म्हणून मी डबा प्रयोगशाळेत खायचे. तिथे मावशी असायच्या. त्या लग्नाचं विचारत नसत. डब्यातल्या भाजीचा वास घेऊन म्हणायच्या, "फोडणी जळली होती. मंग तुह्या मायनं पानी टाकलं." आणि ते खरं असायचं.

वास घेणं हे त्यांचं पहिलं काम. पानं, मुळं, खडू, रसायनांच्या बाटल्या, विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या, सगळं आधी नाकाशी जायचं. साडीवर लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट, जसा कापूस वेचायला जाणाऱ्या बाया घालतात तसा. शेतात कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण कॉलेजात त्या एकट्याच. शर्टाला दोन खिसे. एकात दोरा, कागदाच्या पुड्या, हळद लावलेले तांदूळ, दुसऱ्यात चष्मा. तो चष्मा त्या झाडं पाहताना कधीच लावत नसत. हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना लावायच्या.

राहायला तिगावला. सकाळच्या गाडीने यायच्या आणि स्टेशनपासून पायी. गाडी वेळेवर आली तरी मावशी वेळेवर येतील असं नव्हतं. आमचे विभागप्रमुख सर घड्याळ दाखवायचे, तर त्या शांतपणे सांगायच्या, "रस्त्यात माका भेटला सर." जणू सोयरा भेटला, आता दोन शब्द बोलल्याशिवाय कसं यायचं. सर वैतागायचे, पण जिल्ह्याच्या वनस्पतींची यादी लिहिताना त्यांना दर दहा ओळींनी मावशींची गरज पडायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

लोक त्यांच्याकडे औषधाला यायचे. कारकून, विद्यार्थ्यांचे आईवडील, संत्र्याच्या मंडीतले हमाल, कधी एखादा पोलीस. मावशी कुणालाही तयार औषध देत नसत, कारण त्यांच्याकडे ते नसायचंच. वाळवलेलं, कुटलेलं, डब्यात भरलेलं काही नाही. त्यांची पद्धत वेगळी होती, आणि ती समजायला मला बरेच महिने लागले.

आमचा कारकून एकदा दारात घुटमळला. डोळे पिवळे दिसत होते.

"मावशी, भुईआवळा पाहिजे होता."

"कोनासाठी?"

"आहे एक जण."

"त्या एक जनाले नाव नाही का?"

"घरचंच माणूस आहे."

"घरात तू अन् तुही बायको. बायको सकाळी बाजारात दिसली, चांगली भांडून राहिली होती." मावशींनी त्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. "रक्त तपासलं का?"

"नाही."

"पयले थे तपास. कागद घेऊन ये. मंग मी झाडाले सांगतो."

झाडाला सांगणं म्हणजे आवतन. लग्नकार्याला, जेवायला घरी जाऊन बोलावणं करतात ना, तेच. कागद आला, तशी मावशी संध्याकाळी सुट्टीच्या वेळी एका खुर्चीजवळ गेल्या. खुर्ची उचलली, चप्पल बाजूला काढली, हळदीचे चार तांदूळ बुडाशी ठेवले आणि कारकुनाचं पूर्ण नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, आजार, सगळं सांगितलं. "उद्या सकाळी नेतो तुले. येजो." मग शेजारच्या काडीला दोरा बांधला आणि गाडी गाठायला निघून गेल्या. तोडलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी विचारलं, "आजच तोडलं असतं तर काय झालं असतं?"

"काय होनार. झाड आलं असतं. पन मी गेली नसती."

मला कळलं नाही. त्यांनी हात धुतले, शर्टाला पुसले आणि जरा समजावून सांगितलं. "सांजी आपल्याले वाटते का हेच झाड आहे. रातभर डोक्यात राहाते. सकाळी गेलं का उजेड दुसरा असते, आपनबी दुसरे असतो. तवा बी थेच वाटलं, तं हात लावाचा."

नागपूरला आम्हाला ओळख पटवण्याची किल्ली शिकवली होती. पान साधं की संयुक्त, समोरासमोर की एकाआड एक, अशा पायऱ्या उतरत नावापर्यंत जायचं. तीत रात्रभर थांबायची पायरी नव्हती.

पण मावशींची एक सवय मला धास्तावणारी होती. औषध दिल्यावर त्या माणसाने पुन्हा येऊन सांगायचं असे. बरं वाटलं तरी, नाही वाटलं तरी. जो यायचा नाही, त्याला त्या गाठायच्या, आणि कुठे गाठलं याचं त्यांना भान नसे. आठवडी बाजारात वांगी निवडणाऱ्या एका हेडमास्तरांना त्यांनी तीन दुकानं पलीकडून विचारलं होतं, "काय हो गुरुजी, आता बसाले तरास होते का?" गुरुजींनी वांगी तिथेच ठेवली. मी शेजारी उभी होते, तर मलाच घाम फुटला. त्या दिवशी मी मनात ठरवून टाकलं, आपल्या घरचं काही यांच्या कानावर घालायचं नाही.

आणि मग वहिनीचे पाय सुजले.

वहिनीला आठवा महिना चालू होता. आधी एकदा दिवस राहून गेले होते, म्हणून या खेपेला आईने घराभोवती कुंपणच घातलं होतं. कुणाला काही सांगायचं नाही, कुणी विचारलं तर हसायचं. जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलून ठेवला होता. पुढच्या आठवड्यात वहिनी बाळंतपणासाठी सौसरला माहेरी जायची होती. महिन्याभरापूर्वी दवाखान्यात तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं, आणि पुढची तपासणी सौसरलाच करायची ठरली होती. गणपती उठून आठवडा झाला असेल. एका संध्याकाळी आई म्हणाली, "तिचे पाय पाह्य वं. चप्पल चढत नाही. पुनर्नवाचा काढा देतात म्हणे सुजेवर. तू तं हेच शिकली ना?"

मी हो म्हटलं. आणि ते खोटंही नव्हतं. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने पुनर्नवा पाहिलेली असते. तिच्या खोडाची वाढ जगावेगळी असते, म्हणून तिचा आडवा छेद परीक्षेला हमखास येतो. मी तो ब्लेडने कापला होता, रंगवला होता, सूक्ष्मदर्शकाखाली लावून मुलांना दाखवत होते. त्यासाठी खोडं आणून बाटलीत बुडवून ठेवायचं काम मावशींचंच होतं. थोडक्यात, मी पुनर्नवेला आतून ओळखत होते. पानाफुलांसकट जमिनीवर पसरलेली ती कशी दिसते, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शक्य तितक्या सहज विचारलं, "मावशी, पुनर्नवा कुठे मिळेल?"

"कोनासाठी?"

"हर्बेरियमसाठी," मी म्हटलं. म्हणजे कागदावर वाळवून लावलेल्या झाडांच्या संग्रहासाठी.

मावशी परीक्षानळ्या धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हर्बेरियमचे पाय सुजले का?"

मी गप्प बसले. मला गप्प बसणं चांगलं जमतं.

"नाव सांगजो, मंग दाखवतो," त्या म्हणाल्या. "नावाबिगर मी आवतन काय म्हनून देऊ?"

मी नाव सांगितलं नाही. आईचं कुंपण होतं, बाजारातले गुरुजी डोळ्यांसमोर होते, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. माझ्याकडे एम.एस्सी.ची पदवी होती आणि मला एका साध्या तणासाठी परवानगी मागावी लागत होती. घरी जाताना मी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर वाकले. जमिनीसरपट पसरलेल्या लालसर फांद्या, समोरासमोरच्या जोडीत एक पान मोठं आणि एक लहान. पुस्तकात अगदी हेच लिहिलं होतं. फोनमधल्या ॲपनेही तेच नाव दाखवलं. मी ते मुळासकट उपटलं. आईने धुतलं, मूळ ठेचलं, दोन पेले पाणी एक पेला होईपर्यंत उकळलं. वहिनीने संध्याकाळी घेतलं आणि सकाळी पुन्हा. नाक दाबून प्यायली, वर मला म्हणाली, "ताई, तुमच्या हातचं आहे म्हणून पितो. नाहीतर कडू मले चालत नाही."

एक फांदी मी वेगळी ठेवली होती. सकाळी कॉलेजात जाऊन ती वर्तमानपत्रात घालून दाबून ठेवली. मावशींना हर्बेरियम सांगितलं होतं, तेवढं तरी खरं असावं म्हणून.

दाबलेल्या झाडांचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. ते मावशी करायच्या. अकरा वाजता त्यांनी माझा कागद उघडला आणि वास घेतला.

"हे कोनं ठेवलं?"

"मी."

"काय म्हनून?"

"पुनर्नवा."

त्यांनी मला जवळ बोलावलं. "फूल दाखव."

"फूल अजून आलेलं नाही."

"आलं आहे." त्यांनी नखाने देठाचं बूड सोललं. तिथे पातळ पापुद्र्याची एक पिशवी होती, आणि तिच्यात मिटलेलं गुलाबीसर फूल, तांदळाएवढं. "पुनर्नवा आपलं फूल दांडीवर धरून उभी राहाते, साऱ्याइले दिसन असं. हा विषखापरा आहे. हा फूल काखेत दाबून बसते."

मावशींनी फांदी उलटीपालटी केली, कागद झटकला, खाली पाहिलं.

"मूळ कुठी आहे?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"हर्बेरियमले मूळ लागते. पोरायले तूच शिकवते. तुह्या झाडाले मूळ नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मूळ कुठी गेलं, मॅडम?"

प्रयोगशाळेत कुणी नसलं की त्या मला कधी मॅडम म्हणत नसत.

"उकळलं," मी म्हटलं. "वहिनीसाठी. आठवा महिना आहे. पायांवर सूज आहे. दोनदा प्यायली, काल आणि आज सकाळी."

मला वाटलं होतं, आता त्या रागावतील. त्या झाडाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. एकामागून एक प्रश्न विचारत सुटल्या. सूज पायावरच आहे का हातावरही? तोंड सुजलेलं वाटतं का? डोकं दुखतं का? मला एकाचंही उत्तर देता येईना. मी पाय पाहिले होते. वहिनीकडे पाहिलं नव्हतं.

"चाल," त्या म्हणाल्या. चप्पल घालताना त्यांनी विभागप्रमुखांना दारातूनच सांगितलं, "सर, मॅडमले घेऊन जाऊन राहिली. प्रॅक्टिकल तुमी घ्या."

"अहो, रजेचा अर्ज?"

"आल्यावर."

फाटकाजवळ आम्ही ऑटो पकडली. घरी पोहोचलो तेव्हा वहिनी पलंगावर डोळ्यांवर ओढणी टाकून पडली होती. आईने मावशींना पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की मी कुंपण मोडलं आहे.

मावशी वहिनीच्या उशाशी बसल्या. पायाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "बाई, अंगठी कुठी गेली तुही?"

वहिनी म्हणाली, "निघतच नव्हती. परवा साबण लावून काढली."

"सकाळी उठली का डोळे उघडतात चांगले?"

"जड वाटतात."

"डोकं?"

"दोन दिवसांपासून दुखून राहिलं. उन्हाचं असन."

"डोळ्यापुढं काही चमकते?"

वहिनीने डोळे चोळले. "आज सकाळपासून. काजव्यासारखं." मग आईकडे पाहून घाईने म्हणाली, "मी काही बोलली नाही, कारण तुम्ही उगाच घाबरसान."

आई तेवढ्यात पाण्याचा पेला घेऊन आली होती. ती म्हणाली, "मावशी, पोरीचं चुकलं असेल. तुम्ही बरोबर झाड द्या ना. तुमचा हातगुण सारे सांगतात."

"आज झाड नाही," मावशी म्हणाल्या. "आज गाडी. तुह्या पोराले फोन लाव."

"पण एकदा काढा घेऊन पाहिला असता, संध्याकाळपर्यंत—"

"सांजीपर्यंत मी थांबतो, माय. झाडबी थांबते. हिचं थांबनार नाही."

जी बाई कारकुनाच्या काविळीसाठी चार पानं तोडायला रात्रभर थांबली होती, ती माझ्या वहिनीला दहा मिनिटं द्यायला तयार नव्हती. त्यांनी स्वतः वहिनीच्या पायात दादाच्या मोठ्या चपला घातल्या, कारण तिच्या चढत नव्हत्या.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, काट्याकडे पाहिलं, पट्टा सोडून पुन्हा बांधला. वरचं एकशे सत्तर. लघवी तपासायला पाठवली. नर्सने इंजेक्शन भरायला घेतलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही औषध दिलंय? काढा, जडीबुटी, काहीही?"

आई म्हणाली, "नाही हो. घरचं साधं जेवण."

आई खोटारडी नाही. पण आमच्याकडे दवाखान्यात काढ्याचं नाव काढायचं नाही असा रिवाजच आहे. डॉक्टर रागावतात, गावंढळ म्हणतात, म्हणून लोक घरातलं औषध घरातच ठेवतात. वहिनीने भिंतीकडे मान फिरवली. दादाला काही माहीतच नव्हतं. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्या बोलत नव्हत्या. नुसत्या माझ्याकडे पाहत होत्या.

खोलीत सहा-सात माणसं होती. मी वर्गात शिकवतानासुद्धा फळ्याकडे तोंड करून बोलायचे.

"दिलाय," मी म्हटलं. "मी दिलाय. पुनर्नवा समजून विषखापरा आणला. मूळ उकळून दोन वेळा. काल संध्याकाळी सातला आणि आज सकाळी आठला, एकेक पेला." मग लॅटिन शास्त्रीय नाव सांगितलं, आणि डॉक्टरांना लिहिता यावं म्हणून अक्षरं सुटी करून सांगितली. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. "याचा किती परिणाम झाला ते मी आज सांगू शकत नाही. प्रेशर त्याने वाढलेलं नाही, ते आधीचंच आहे. पण नागपूरला किडनीचे रिपोर्ट बघताना हे माहीत असायलाच हवं. चिठ्ठीवर लिहिते." मग दादाला म्हणाल्या, "आत्ता निघा. उद्यावर टाकलं असतं तर झटके आले असते."

ॲम्ब्युलन्समध्ये आई आणि दादा बसले. मला जागा नव्हती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी मी फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि रडले. मावशी शेजारी बसल्या. त्यांनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. तसं त्या करत नसत.

डोळे पुसून मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? अंगठीचं?"

"माही सासू सुईन होती. तिच्या हातून एक बाई गेली. पायाची सूज म्हनून लेप लावत बसली होती. मंग मरेपर्यंत तिनं कोन्याच बाईचे पाय पयले पायले नाही. पयले बोटं पाहे."

"मी तुम्हाला कालच नाव सांगायला हवं होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "सांगाले पायजे होतं." तेवढंच. मग उठल्या, कारण तिगावच्या गाडीची वेळ झाली होती.

त्याच रात्री नागपूरला शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. दिवसांआधीची, मूठभर. दोन आठवडे काचेच्या पेटीत होती. वहिनीचं प्रेशर उतरायला त्याहून जास्त वेळ लागला, पण उतरलं. किडनीचे रिपोर्ट चांगले आले. आता पोरगी आमच्या अंगणातली माती खाते आणि सगळ्यांचं ऐकून घेते, पण करत काही नाही.

मी कॉलेजात परतले तेव्हा ती फांदी वाळून सपाट झाली होती. मला वाटलं होतं, मावशींनी ती फेकली असेल. त्यांनी ती जाड पांढऱ्या कागदावर टाके घालून पक्की केली होती, कोपऱ्यात माहितीची रिकामी चिठ्ठी डकवली होती, आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला होता.

विभागप्रमुख सर तिथेच होते. "मावशी, याला मूळ नाही. अपूर्ण नमुना आहे. असा नोंदवता येत नाही."

"बरोबर झाड तं पुस्तकातबी भेटते सर," मावशी म्हणाल्या. "चुकलेलं कोन ठेवते?" मग मला, "लिही."

मी लिहिलं. वरती खरं शास्त्रीय नाव. ठिकाण, रिकामा प्लॉट, पांढुर्णा. शेरा या रकान्यात आधी काहीतरी मोघम लिहिलं होतं. मावशींनी चष्मा लावला, सही करताना लावतात तो, अक्षरं एकेक करत वाचली आणि चिठ्ठी काढून दुसरी डकवली. दुसऱ्यांदा मी लिहिलं: पुनर्नवा समजून तोडले. मूळ उकळून गरोदर स्त्रीला दोन वेळा दिले. सूज रक्तदाबाची होती. फूल देठाच्या बुडातल्या पिशवीत असते, ते पाहिले नाही. रुग्णाचा चेहराही पाहिला नाही.

सरांनी वाचलं, चष्मा पुसला आणि नोंदवहीत क्रमांक दिला.

मावशी गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. तिगावला असतात. मी अजून अतिथीच आहे, पण सलग बोलावतात. पुनर्नवेच्या छेदाचं प्रॅक्टिकल दरवर्षी येतं. मी सूक्ष्मदर्शक झाकलेलेच ठेवते. आधी मुलांना पुनर्नवा दाखवायला बाहेर नेते, मग परत आणून कपाटातला तो कागद टेबलावर ठेवते आणि त्यांना शेरा वाचू देते. मुलं घोळका करून वाचतात. यंदा मागे उभ्या असलेल्या एका मुलीने मान उंच करून विचारलं, "मैडम, ये किसने किया था?"

चिठ्ठीच्या तळाशी 'संग्राहक' असा रकाना असतो. मी त्यावर बोट ठेवलं आणि तिला ते नाव मोठ्याने वाचायला सांगितलं.